‘चांगलं आहे, पण माझ्यासाठी नाही’: व्यावसायिक शिक्षणाबद्दल मुलं खरं काय सांगतात

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका माध्यमिक शिक्षिकेने वरच्या वर्गांतल्या मुलांना प्रश्नावली दिली. ‘व्यावसायिक शिक्षण समाजासाठी महत्त्वाचे आहे’, ‘हाताने काम करण्यात कमीपणा नाही’, ‘त्यामुळे लवकर रोजगार मिळतो’ या विधानांपुढे जवळजवळ सगळ्यांनी ‘सहमत’वर खूण केली. शेवटच्या पानावर ‘पुढे तुम्ही काय निवडाल?’ असे विचारले होते. तिथे मात्र व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या रकान्यात मोजकीच मुले होती. मुले खोटे बोलली का, आणि त्यांचा दृष्टिकोन बदलायचा कसा, असे त्या विचारतात.

मी आधी बरीच वर्षे कार्यशाळेत निदेशक होतो, फिटर ट्रेड (लोखंडी भाग घडवून जोडण्याचा व्यवसाय) शिकवत होतो. नंतर शाळांमधून समुपदेशनाचे काम करू लागलो. दोन्ही बाजू पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की मुले खोटे बोलत नाहीत. तुम्ही त्यांना दोन निरनिराळे प्रश्न विचारलेत आणि त्यांनी दोन्हींना प्रामाणिक उत्तरे दिली. दृष्टिकोन बदलायचा म्हणाल, तर मुलांच्या डोक्यात शिरण्याआधी तो अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या मुलापुढे कोणते रस्ते उघडे असतात, हे एकदा तपासा. बहुतेक वेळा गोची तिथेच असते.

आधी प्रश्नावलीचे बोलू, कारण तिच्यावरून पुष्कळ प्रबंध लिहिले जातात आणि बहुतेकांचा निष्कर्ष ‘दृष्टिकोन सकारात्मक आहे’ असाच निघतो. माणूस कागदावर लिहितो ते आणि प्रत्यक्षात करतो ते जुळेलच असे नाही, हे मानसशास्त्राला जुनेच ठाऊक आहे. १९३० च्या दशकात रिचर्ड लापिएर हा अमेरिकी समाजशास्त्रज्ञ एका चिनी जोडप्याबरोबर देशभर फिरला. तिथे चिनी लोकांबद्दल उघड आकस असलेला तो काळ. तरी सुमारे अडीचशे हॉटेलांत आणि खानावळींत त्यांची सोय झाली, नकार फक्त एकीकडून आला. नंतर त्याच ठिकाणांना ‘चिनी गिऱ्हाईक घ्याल का?’ असे पत्राने विचारले, तेव्हा उत्तर देणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांनी नाही म्हणून कळवले. तुमच्या वर्गात गाडी उलट दिशेने गेली आहे: कागदावर होय, प्रत्यक्षात नाही. कारण मात्र सारखेच आहे. सर्वसाधारण विषयाबद्दलचे मत विचारले आणि अपेक्षा एका ठरावीक कृतीची केली.

मानसशास्त्रज्ञ आइक आयझेन यांनी पुढे याची जी मांडणी केली तिचा मला कामात रोज उपयोग होतो. एखादी कृती माणूस करील का, हे तीन गोष्टींवर ठरते: ती कृती मी स्वतः करण्याबद्दल मला काय वाटते, माझ्या जवळच्या माणसांना काय वाटेल असे मला वाटते, आणि ती मला जमेल, झेपेल याची खात्री मला किती आहे. ‘वेल्डिंग हे महत्त्वाचे काम आहे’ या विधानात यातले एकही नाही. वेल्डर महत्त्वाचा आहे हे सगळ्यांनाच पटते. आपला मुलगा वेल्डर झाला तर आत्याला काय सांगायचे, हा प्रश्न प्रश्नावलीत नसतो. घरात असतो.

आता मूळ मुद्दा. मुलांना श्रमाची लाज वाटते, ‘पांढरपेशी’ मनोवृत्ती आहे, प्रतिष्ठेच्या खोट्या कल्पना आहेत, हे भाषण तुम्ही-आम्ही सगळ्यांनीच ऐकले आहे. फिलिप फॉस्टर नावाच्या अभ्यासकाने १९६५ साली घानाचा दाखला देऊन या भाषणातली हवा काढली. वसाहतीच्या काळापासून तिथे राज्यकर्ते तंत्रशाळा काढत होते आणि मुले ‘पुस्तकी’ शाळांकडेच धावत होती. अधिकारी म्हणत, यांना कामाचा कंटाळा. फॉस्टरने दाखवले की मुलांचा हिशेब बरोबर होता. चांगला पगार, स्थैर्य आणि बढती कारकुनीतून आणि सरकारी नोकरीतून मिळत होती, आणि तिथवर नेणारी वाट पुस्तकी शाळेतून जात होती. म्हणजे त्या मुलांच्या दृष्टीने पुस्तकी शिक्षण हेच खरे धंदेशिक्षण होते. शाळेचा अभ्यासक्रम बदलून मुलांच्या आकांक्षा बदलत नाहीत. त्या नोकरीच्या बाजारातून येतात, असे त्याचे म्हणणे. त्यावर पुढे वाद झाले, पण गाभा अजून टिकून आहे. मुलांना आपण समजतो त्यापेक्षा बाजार जास्त कळतो.

याला इतिहासाचीही एक बाजू आहे आणि ती टाळून हा विषय बोलताच येत नाही. ‘तुम्ही हाताचे काम शिका’ हा सल्ला नेहमी कोण कोणाला देत आले? अमेरिकेत कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांनी टस्कीगी येथील संस्थेत कृष्णवर्णीय तरुणांना धंदेशिक्षण देण्यावर भर दिला, तेव्हा त्यांच्याच समाजातले विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी विचारले की उच्च शिक्षणाची आणि हक्कांची वाट सोडून फक्त कौशल्यावर समाधान मानायचे का? आपल्याकडे १९५३ मध्ये मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजगोपालाचारींनी (राजाजींनी) प्राथमिक शाळेची वेळ कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा पिढीजात धंदा शिकावा अशी योजना आणली. ती जातीचे धंदे पक्के करणारी योजना आहे म्हणून तिच्यावर रान उठले. १९५४ मध्ये राजाजी पायउतार झाले आणि योजनाही गेली. त्याआधी १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेतून गांधीजींची नई तालीम पुढे आली होती. तिचा हेतू पुष्कळच वेगळा होता. हस्तोद्योग हे सगळ्यांच्याच शिक्षणाचे माध्यम व्हावे अशी ती कल्पना. पण ‘सगळ्यांच्या’ हा शब्द प्रत्यक्षात कधी उतरला नाही. ज्या घराने दोन पिढ्या हातातला हातोडा सोडवण्यात घालवल्या, त्या घरातल्या मुलीला पुन्हा हातोडा सुचवला तर तिचा आणि तिच्या आईचा चेहरा कसा होतो, हे मी समोर बसून पाहिले आहे. त्याला श्रमाची लाज म्हणणे हा मला उद्धटपणा वाटतो.

मुलांच्या मनात प्रतिष्ठेची उतरंड कधी तयार होते, हेही पाहायला हवे. लिंडा गॉटफ्रेडसन यांनी १९८१ मध्ये मांडलेला सिद्धान्त असा: ३ ते ५ वर्षांच्या वयात मूल फक्त ‘मोठी माणसे काम करतात’ एवढे ओळखते. ६ ते ८ मध्ये कामांची वाटणी ‘मुलांची’ आणि ‘मुलींची’ अशी होते. ९ ते १३ मध्ये कोणते काम वरचे, कोणते खालचे हे कळते आणि मूल आपल्यापुरती एक खालची रेघ ओढते. त्या रेघेखालची कामे यादीतून जातात, बहुतेक वेळा कायमची. ‘मला काय आवडते’ हा विचार त्यानंतरचा, १४ च्या पुढचा. आता बघा, आपण व्यावसायिक मार्गदर्शनाचे मेळावे कधी घेतो? पंधराव्या-सोळाव्या वर्षी, निकालाच्या तोंडावर. यादी तीन-चार वर्षांपूर्वीच छाटून झालेली असते आणि आपण छाटलेल्या गोष्टींचे फलक लावून बसतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी १० दिवस दप्तराविना ठेवून सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांच्याकडे काम शिकण्याची कल्पना आहे. वय अगदी नेमके धरले आहे. ते दहा दिवस सहलीसारखे गेले तर मात्र फारसे हाती लागणार नाही.

उतरंड मुले हवेतून शिकत नाहीत. शिकवतो आपण, आणि शिकवण्याचे सर्वांत प्रभावी साधन म्हणजे प्रवेशप्रक्रिया. इंग्लंडमध्ये १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर माध्यमिक शाळा तीन प्रकारच्या व्हायच्या होत्या: ग्रामर (पुस्तकी शिक्षणाच्या), तांत्रिक आणि मॉडर्न (सर्वसाधारण). तिघींचा दर्जा सारखा असे बोलले जाई. प्रत्यक्षात अकराव्या वर्षी परीक्षा, त्यात उत्तीर्ण झालेले ग्रामरमध्ये आणि बाकीचे बहुतेक सगळे मॉडर्नमध्ये. तांत्रिक शाळा फारशा उभ्याच राहिल्या नाहीत. सारखा दर्जा म्हणायचे आणि गुणांची चाळणी लावून खाली उरलेल्यांना एका दारातून पाठवायचे, यातले मुलांना काय समजत असेल? आपल्याकडेही शिक्षक अगदी सहज म्हणतात, ‘अभ्यास जमत नाही ना, मग एखादा ट्रेड कर.’ त्या वाक्याने त्या मुलापेक्षा शेजारी बसलेल्या हुशार मुलाचे नुकसान जास्त होते. त्याच्या यादीतून ट्रेड तिथल्या तिथे जातो. २०२० च्या धोरणात ही गोष्ट मोकळेपणाने कबूल केलेली आहे: व्यावसायिक शिक्षण मुख्य प्रवाहापेक्षा दुय्यम आणि जमत नाही त्यांच्यासाठीचे मानले जाते, असे त्यातच लिहिले आहे.

नावे बदलण्याचा उपायही करून झाला आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने २००६ मध्ये जुने ‘व्होकेशनल’ हे नाव टाकून ‘करिअर अँड टेक्निकल’ असे नवे घेतले. पाटी बदलल्याने काही काळ बरे वाटते. पुढचे वर्ग तेच राहिले तर मुले नवीन पाटीचा अर्थही लवकरच ओळखतात.

मग फरक कुठे पडतो? स्वित्झर्लंडमध्ये सक्तीचे शिक्षण संपल्यावर सुमारे दोन तृतीयांश मुले व्यावसायिक वाटेला जातात. तिथल्या मुलांना श्रम जन्मतःच प्रिय आहेत असे नाही. तिथे उमेदवारी (कामावर राहून धंदा शिकणे) करता करता ‘व्यावसायिक मॅच्युरिटी’ ही पात्रता मिळवता येते, ती १९९० च्या दशकात सुरू झाली. ती असली की उपयोजित विज्ञान विद्यापीठात प्रवेश मिळतो, आणि आणखी एक पूरक परीक्षा दिली की साध्या विद्यापीठाचेही दार उघडते. म्हणजे सोळाव्या वर्षी घेतलेला निर्णय पंचविसाव्या वर्षी गळ्यात पडत नाही. जर्मनीत उमेदवाराचा कंपनीशी करार असतो, त्याला भत्ता मिळतो, आठवड्यातले तीन-चार दिवस तो कामावर आणि एक-दोन दिवस शाळेत असतो. शेवटची परीक्षा उद्योगांची चेंबर घेते, त्यामुळे त्या प्रमाणपत्राचा अर्थ मालकाला समजावून सांगावा लागत नाही. दक्षिण कोरियात एकेकाळी शाळा संपवणारी सुमारे ८० टक्के मुले महाविद्यालयात जात होती. तिथे २०१० मध्ये २१ ‘माइस्टर’ (जर्मनमध्ये उस्ताद कारागीर) शाळा काढल्या, त्याही सरसकट कमी गुणवाल्यांसाठी नव्हे. मुले निवडून घेतली, शुल्क माफ केले, उद्योगांशी जागा आधी ठरवल्या आणि ‘आधी नोकरी, मग शिक्षण’ अशी पुढची वाट मोकळी ठेवली. या तिन्ही ठिकाणी मुलांची मने वळवण्याआधी दारे बांधली गेली.

आपल्याकडच्या उद्दिष्टांचा इतिहास मी मुद्दाम सांगतो. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात माध्यमिक शिक्षणाला व्यवसायाची जोड देण्याची शिफारस केली. १९८६ च्या धोरणाने उच्च माध्यमिकमधली १० टक्के मुले १९९० पर्यंत आणि २५ टक्के १९९५ पर्यंत व्यावसायिक शाखेत आणायचे ठरवले. त्या आकड्यांच्या आसपासही आपण पोचलो नाही. २०२० च्या धोरणात दिलेल्या बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या अंदाजानुसार १९ ते २४ वयोगटातल्या कामगारांपैकी ५ टक्क्यांहून कमी जणांनी औपचारिक व्यावसायिक शिक्षण घेतलेले होते. त्याच ओळीत अमेरिकेचे ५२, जर्मनीचे ७५ आणि दक्षिण कोरियाचे ९६ टक्के दिले आहेत. या आकड्यांकडे बोट दाखवून ‘आपली मुलेच तशी’ म्हणणारे मला नेहमी भेटतात. बारावीच्या व्यावसायिक शाखेतून पदवीला जाताना कित्येक दारे बंद होती, ते कोण सांगणार?

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगतो, कारण या क्षेत्रातली माणसे ती सहसा सांगत नाहीत. अर्थशास्त्रज्ञ एरिक हानुशेक आणि सहकाऱ्यांनी ११ देशांची आकडेवारी तपासून २०१७ मध्ये दाखवले की व्यावसायिक शिक्षण घेतलेल्यांना तरुणपणी काम लवकर लागते, पण उतारवयाकडे जाताना हा फायदा ओसरतो आणि उलटतो, कारण तंत्र बदलते आणि सामान्य शिक्षणाचा पाया कमी पडतो. उमेदवारीची पद्धत जिथे मजबूत आहे तिथेच हे जास्त ठळक दिसते. म्हणून ‘ट्रेड घे, आयुष्याची काळजी मिटली’ असे मी कोणत्याही पालकाला सांगत नाही. गणित, भाषा आणि ड्रॉइंग पक्के ठेव, पुढचा कोर्स करायची तयारी ठेव, असे सांगतो. मुलांना हा धोका अंधुक का होईना जाणवतो. तो नाकारला की तुमच्या बाकीच्या बोलण्यावरचाही त्यांचा विश्वास उडतो.

कार्यशाळेत घडणारी एक गोष्ट मात्र आकड्यांत बसत नाही. फिटरच्या पहिल्या महिन्यांत मुलाला लोखंडाचा एक तुकडा देतात आणि तो कानशीने घासून सपाट आणि काटकोनात आणायला सांगतात. मूल घासते, समाधानाने आणून देते. निदेशक त्यावर गुण्या (काटकोन तपासायचे साधन) लावतो आणि उजेडाकडे धरतो. कड आणि गुण्या यांच्यामधून प्रकाशाची बारीक रेघ दिसते. परत जा. पुन्हा घासायचे, पुन्हा उजेडाकडे. कानस जरा डुलली की मधला भाग उंच आणि कडा गोल. पायांची जागा, कोपराची उंची, कुठे दाब द्यायचा आणि कुठे सोडायचा, हे सगळे मूल तेव्हा शोधत असते. शेवटी एका दिवशी उजेड येत नाही. शाळेत ‘ढ’ म्हणून ऐकलेला मुलगा तेव्हा गुण्या स्वतःच्या हातात मागून घेतो, स्वतः बघतो, मग शेजाऱ्याचा जॉब तपासायला जातो. इथे गुण देणाऱ्याची मर्जी चालत नाही हे त्याला कळलेले असते. आपल्याला जमते ही खात्री, आयझेन यांच्या तीन गोष्टींतली तिसरी, ती अशी तयार होते. व्याख्यानातून मी ती तयार झालेली पाहिलेली नाही.

म्हणूनच शाळांच्या भेटींबद्दल माझा एक आग्रह असतो. मुलांना कार्यशाळेत आणून रांगेने फिरवू नका. मी पाहिलेल्या बहुतेक भेटींत यंत्रांवर कव्हर असते, मुलांचे हात मागे बांधलेले असतात आणि प्राचार्यांचे भाषण लांबते. त्यापेक्षा निम्मी मुले आणा आणि प्रत्येकाच्या हातात व्हर्निअर (बारीक माप घ्यायचे साधन) द्या. एकच सळई दहा जणांना मोजायला सांगा. दहा मापे येतील आणि भांडण सुरू होईल. ते भांडण मिटवताना जे शिकून होते ते कुठल्याही फलकावर लिहिता येत नाही.

मुलींबद्दल वेगळे लिहायला हवे, थोडक्यात लिहितो. त्यांच्या नकाराला प्रतिष्ठेपेक्षा अगदी साधी कारणे असतात: सगळ्या वर्गात एकटीच मुलगी असणे, कार्यशाळेजवळ स्वच्छतागृह नसणे, शेवटचा तास संपल्यावर परतीचे वाहन नसणे. हे ‘दृष्टिकोना’च्या सदरात घालून कोणी प्रबंध लिहिला तर मार्गदर्शकाने तो परत करावा. एका तुकडीत चार-पाच मुली एकत्र आल्या की पुढच्या वर्षी त्यांची संख्या आपोआप वाढते, असा माझा अनुभव आहे. एकटीला ‘आदर्श’ म्हणून व्यासपीठावर बसवल्याने वाढत नाही.

पालकांचा विरोध आपण धरतो तितका कडक नसतो. त्यांना विचारायचे असते की मुलगा पंचवीस वर्षांचा होईल तेव्हा काय करत असेल. याचे उत्तर माझ्यापेक्षा त्या वयाचा माजी विद्यार्थी चांगले देतो. पण तोही ‘यशस्वी उद्योजक’ म्हणून निवडलेला एकुलता एक नसावा. तीन जण बोलवा: एक नोकरीत असलेला, एक पुढे डिप्लोमा करून वर गेलेला, आणि एक ट्रेड सोडून दुसरीकडे गेलेला. तिसरा का सोडून गेला हे त्याने स्वतः सांगितले की पालकांना आधीच्या दोघांचे खरे वाटू लागते.

आता तुमच्या प्रश्नावलीकडे येतो. ती फेकून देऊ नका, तिला पुढचे पान जोडा. ‘व्यावसायिक शिक्षण महत्त्वाचे आहे’ याऐवजी ‘मी पुढच्या वर्षी अमुक अभ्यासक्रमाचा अर्ज भरला तर…’ असे अर्धे वाक्य द्या आणि मुलांना पूर्ण करू द्या. तीन वाक्ये पुरतात: अर्ज भरला तर मला काय मिळेल, घरी कोण काय म्हणेल, आणि त्यानंतर मला कुठे जाता येईल. एखाद्या व्यवसायाचे नाव घेऊन विचारा, कारण ‘व्यावसायिक शिक्षण’ म्हटले की कोणाच्या डोळ्यांपुढे संगणक येतो, कोणाच्या गवंडी. शिक्षकांनाही तीच वाक्ये द्या, त्यात ‘माझ्या मुलाने’ एवढा बदल करून. ते कागद मुलांच्या कागदांआधी वाचा.

तिसऱ्या वाक्यात मुलांनी काय लिहिले ते एका बाजूला ठेवा आणि दुसऱ्या बाजूला तुमच्या भागातल्या त्या अभ्यासक्रमानंतरचे प्रत्यक्ष प्रवेशनियम ठेवा: डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येते का, पदवीला कोणते विषय लागतात, क्रेडिट (आधीच्या शिक्षणाचे श्रेयांक) मोजले जातात का. २०२३ मध्ये आलेल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्याने कागदावर बरीच वाट मोकळी केली आहे. तुमच्या जवळचे महाविद्यालय ती मानते का, हे तिथल्या प्रवेश खिडकीवर जाऊनच कळेल. मुलांचा समज चुकीचा निघाला, तर तो दुरुस्त करायला एक तास पुरतो. समज बरोबर निघाला, तर मुलांशी वाद घालू नका. ते नियम आणि मुलांची वाक्ये एकत्र जोडून शिक्षण खात्याला पाठवा.